हलक्या वजनगटांतील व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांची कारकीर्द : एक विवेचन

प्रस्तावना :

मुष्टियुद्ध म्हटले की सर्वसामान्य क्रीडारसिकाला मुहम्मद अली, जो फ्रेझर, माइक टायसन ही हेवीवेट गटातील नावे आठवतात. वर्तमानपत्रांचे रकाने, दूरचित्रवाणीचा वेळ आणि सामन्यांतून मिळणारा पैसा यांचा मोठा वाटा अधिक वजनाच्या गटांकडेच जात आला आहे. याउलट, पन्नास किलोच्या आसपास वजन असलेले मुष्टियोद्धे वेग, अचूकता आणि सातत्य या गुणांत कोठेही कमी नसतात. किंबहुना एका फेरीत सर्वाधिक ठोशांची देवाणघेवाण याच गटांत पाहावयास मिळते. तरीही त्यांची नावे स्वतःच्या देशाबाहेर क्वचितच पोहोचतात.

ही उपेक्षा केवळ प्रसिद्धीपुरती मर्यादित नाही. खेळाडूने किती वर्षे खेळावे, कोणत्या देशात खेळावे, किती वजनाने खेळावे आणि केव्हा थांबावे या सर्वच निर्णयांवर तिचा परिणाम होतो. प्रस्तुत लेखात काही प्रमुख मुष्टियोद्ध्यांच्या कारकिर्दींच्या आधारे हा परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. हलक्या वजनगटांची रचना व तिचा इतिहास थोडक्यात मांडणे.
२. या गटांतील मुष्टियोद्ध्यांच्या कारकिर्दीला वळण देणारे आर्थिक व शारीरिक घटक स्पष्ट करणे.
३. वजनगट बदलण्याच्या निर्णयाचे फायदे व त्याची किंमत यांचा विचार करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. १२६ पौंडांपर्यंतचे, म्हणजे सुमारे ५७.२ किलोपर्यंतचे गट येथे 'हलके' मानले आहेत.

वजनगटांची रचना :

लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये आठ वजनगट निश्चित केले. त्यातील सर्वांत हलका गट ११२ पौंडांचा, म्हणजे ५०.८ किलोचा फ्लायवेट हा होता. त्यावर ११८ पौंडांचा बँटमवेट आणि १२६ पौंडांचा फेदरवेट हे गट येत. पुढे अनेक दशके ही रचना टिकून राहिली. १९७० नंतर मात्र मधल्या गटांची भर पडत गेली. १९७५ मध्ये १०८ पौंडांचा लाइट फ्लायवेट, १९७६ मध्ये १२२ पौंडांचा सुपर बँटमवेट, १९८० मध्ये ११५ पौंडांचा सुपर फ्लायवेट आणि १९८७ मध्ये १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोचा मिनिममवेट असे गट अस्तित्वात आले. आज सर्वमान्य असलेल्या सतरा गटांपैकी सात गट १२६ पौंड किंवा त्याखालील आहेत.

या रचनेतील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वरच्या टोकाला लाइट हेवीवेटची मर्यादा १७५ पौंड आणि त्यापुढील क्रूझरवेटची २०० पौंड आहे. म्हणजे दोन गटांत २५ पौंडांचे अंतर आहे. खालच्या टोकाला हेच अंतर तीन किंवा चार पौंडांचे आहे. त्यामुळे १०५ पौंडांपासून सुरुवात करणारा मुष्टियोद्धा अवघे साडेचार किलो वजन वाढवून तीन गट ओलांडू शकतो आणि ११५ पौंडांच्या गटात पोहोचू शकतो. तीन-चार गटांत विश्वविजेतेपद मिळवणारे अनेक मुष्टियोद्धे हलक्या गटांतून का येतात, याचे एक कारण या आकड्यांत आहे. मात्र ४७ किलोच्या शरीराला साडेचार किलो म्हणजे त्याच्या वजनाचा जवळपास दहावा हिस्सा होतो. कागदावर सोपी दिसणारी ही चढण प्रत्यक्षात तशी सोपी नसते.

आरंभकाळ : वाइल्ड आणि व्हिया

फ्लायवेट गटाचा पहिला मान्यताप्राप्त विश्वविजेता जिमी वाइल्ड हा वेल्सचा होता. कोळशाच्या खाणीत काम करणारा हा तरुण जत्रांमधील मुष्टियुद्धाच्या तंबूंत कोणाही आव्हानवीराशी लढून पैसे मिळवत असे. १९१६ मध्ये तो विश्वविजेता झाला. स्वतःचे वजन अनेकदा १०८ पौंडांहूनही कमी असताना तो आपल्याहून जड प्रतिस्पर्ध्यांना नमवत असे. परंतु १९२१ च्या जानेवारीत बँटमवेटचा माजी विजेता पीट हर्मन याने त्याला सतराव्या फेरीत थांबवले. कौशल्याने वजनावर काही काळ मात करता येते, कायमची नव्हे, हे त्या लढतीत दिसून आले.

दोन वर्षांहून अधिक विश्रांतीनंतर वाइल्ड न्यूयॉर्कमध्ये पुन्हा रिंगणात उतरला. १८ जून १९२३ रोजी फिलिपिन्सच्या पांचो व्हियाने त्याला सातव्या फेरीत नॉकआउट केले. व्हिया हा आशिया खंडातील पहिला विश्वविजेता मुष्टियोद्धा होय. सहा-सात वर्षांत तो शंभराहून अधिक लढती लढला. जुलै १९२५ मध्ये दाताच्या संसर्गाचा त्रास असतानाही तो जिमी मॅकलार्निनविरुद्ध लढला आणि दहा दिवसांनी त्या संसर्गामुळे सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी त्याला चोविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. एकेका लढतीचे मानधन तुटपुंजे असल्याने लढतींची संख्या वाढवणे, आणि संख्या वाढली की शरीराला विश्रांती न मिळणे, हे चक्र त्या काळी कोणत्याच गटाला चुकले नव्हते. हलक्या गटांत ते अधिक वेगाने फिरे.

जपान : देशांतर्गत बाजारपेठेचे महत्त्व

हलक्या गटांचा केंद्रबिंदू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेकडून आशिया व लॅटिन अमेरिकेकडे सरकला. १९ मे १९५२ रोजी योशिओ शिराई याने हवाईच्या दादो मारिनोला हरवून जपानला पहिले विश्वविजेतेपद मिळवून दिले. युद्धातील पराभवानंतर सावरू पाहणाऱ्या देशाला हा विजय मोठा वाटला. शिराईला घडवणारे डॉ. आल्विन कान हे जपानमधील अमेरिकन प्रशासनात काम करणारे जीवशास्त्रज्ञ होते, ही बाबही नोंद घेण्याजोगी आहे.

शिराईनंतरच्या पिढीतील मासाहिको हराडा ऊर्फ 'फायटिंग' हराडा याची कारकीर्द या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. १० ऑक्टोबर १९६२ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने थायलंडच्या पोन किंगपेचला हरवून फ्लायवेटचा किताब मिळवला आणि अवघ्या तीन महिन्यांत बँकॉक येथे तो गमावला. त्याचे शरीर अद्याप वाढत होते आणि ११२ पौंडांपर्यंत वजन उतरवणे त्याला अत्यंत जड जात होते. तो बँटमवेटमध्ये गेला. तेथे मे १९६५ मध्ये नागोया येथे त्याने ब्राझीलच्या एडर जोफ्रेला गुणांवर हरवले. जोफ्रे तोवर अपराजित होता. पुढील वर्षीची फेरलढतही हराडानेच जिंकली. जोफ्रेच्या संपूर्ण कारकिर्दीतील हे दोनच पराभव होत. जपानी दूरचित्रवाणीच्या इतिहासात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत या लढतींची गणना होते.

१९६८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल रोजने त्याच्याकडून किताब घेतला. नंतर हराडा फेदरवेटमध्ये गेला. जुलै १९६९ मध्ये सिडनी येथे जॉनी फेमेचॉनविरुद्धच्या लढतीत त्याने प्रतिस्पर्ध्याला एकाहून अधिक वेळा खाली पाडले. निकाल एकट्या पंचाच्या गुणांवर अवलंबून होता. पंचाने प्रथम लढत बरोबरीत सुटल्याचे जाहीर केले आणि गुणांची फेरतपासणी झाल्यावर फेमेचॉन एका गुणाने विजयी ठरला. तिसऱ्या गटातील किताब अशा रीतीने हुकला. जानेवारी १९७० मधील फेरलढतीतील पराभवानंतर हराडाने निवृत्ती स्वीकारली. त्या वेळी तो २६ वर्षांचा होता. पुढे त्याने जपानी व्यावसायिक मुष्टियुद्ध संघटनेचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषवले.

हराडाच्या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मायदेशात प्रेक्षक असेल तर हलक्या गटातील मुष्टियोद्धाही राष्ट्रीय नायक होऊ शकतो, ही पहिली गोष्ट. वजन उतरवण्याचा ताण त्याचे आयुष्य रिंगणाबाहेरच झिजवत असतो, ही दुसरी.

राहणारे आणि चढणारे :

हलक्या गटातील प्रत्येक यशस्वी मुष्टियोद्ध्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : आपल्या नैसर्गिक वजनात राहावे की वरच्या गटात जावे? राहिल्यास वर्चस्व टिकते, पण मानधन व प्रसिद्धी मर्यादित राहते. वर गेल्यास दोन्ही वाढण्याची शक्यता असते, पण समोर जड हाताचा प्रतिस्पर्धी असतो.

मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ हा 'राहणाऱ्यां'चा प्रतिनिधी म्हणता येईल. ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने टोकियो येथे हिदेयुकी ओहाशीला हरवून मिनिममवेटचा किताब मिळवला आणि पुढील आठ वर्षांत तो विसाहून अधिक वेळा राखला. १९९९ मध्ये तो केवळ एक गट वर गेला आणि तेथेही विजेता ठरला. ५१ विजय, एक बरोबरी आणि एकही पराभव नाही, अशी नोंद ठेवून २००२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तंत्रशुद्धतेच्या बाबतीत जाणकार आजही त्याचे नाव प्रथम घेतात. परंतु इतक्या निर्दोष कारकिर्दीतही अमेरिकेतील त्याच्या बहुतेक लढती इतरांच्या मुख्य लढतीआधीच्या होत्या. सप्टेंबर २००१ मधील त्याची अखेरची लढतही न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॉपकिन्स-त्रिनिदाद लढतीच्या आधी झाली. लोक ज्यांच्यासाठी तिकीट काढून आले होते, ते दुसरेच होते.

हलक्या गटात राहूनही मोठे मानधन मिळाल्याचे उदाहरण नाही, असे मात्र नाही. अमेरिकेचा मायकेल कार्बाहाल आणि मेक्सिकोचा उंबेर्तो गोन्झालेझ यांची १३ मार्च १९९३ ची लढत लाइट फ्लायवेट गटाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. दोनदा खाली पडलेल्या कार्बाहालने सातव्या फेरीत नॉकआउटने विजय मिळवला. १९९४ मधील फेरलढतीसाठी त्याला दहा लाख डॉलर मिळाले. त्या गटात हा आकडा गाठणारा तो पहिला मुष्टियोद्धा होय. मात्र यासाठी अमेरिकी नागरिकत्व, ऑलिंपिक रौप्यपदक आणि सीमेपलीकडचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी असे तिन्ही योग जुळून यावे लागले. अशी जुळणी नेहमी होत नाही.

निकाराग्वाचा रोमान गोन्झालेझ हा 'चढणारा' होता. २००८ मध्ये जपानमध्ये मिनिममवेटचा किताब जिंकून त्याने सुरुवात केली. २०१० मध्ये लाइट फ्लायवेट, २०१४ मध्ये फ्लायवेट आणि २०१६ मध्ये सुपर फ्लायवेट अशा चार गटांत तो विजेता झाला. आपले मार्गदर्शक अलेक्सिस आर्ग्वेयो यांच्या तीन गटांतील विजेतेपदांचा विक्रम त्याने मागे टाकला. २०१५ मध्ये फ्लॉइड मेवेदरच्या निवृत्तीनंतर 'द रिंग' मासिकाने वजननिरपेक्ष क्रमवारीत त्याला जगात प्रथम क्रमांक दिला. फ्लायवेट गटातील मुष्टियोद्ध्याला मिळालेला हा मान असाधारण होता. त्याच वर्षी अमेरिकेतील एचबीओ या वाहिनीने त्याच्या लढती दाखवण्यास आरंभ केला. म्हणजेच व्यावसायिक कारकिर्दीच्या दहाव्या वर्षी मोठी बाजारपेठ त्याच्यासाठी उघडली.

पण ती उघडली तेव्हा तो चौथ्या गटाच्या उंबरठ्यावर होता. १८ मार्च २०१७ रोजी थायलंडच्या श्रीसाकेत सोर रुंगविसाई याने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले आणि गुणांवर हरवले. सप्टेंबरमधील फेरलढतीत गोन्झालेझ चौथ्या फेरीत नॉकआउट झाला. १०५ पौंडांच्या गटात निर्णायक ठरणारे त्याचे ठोसे ११५ पौंडांच्या प्रतिस्पर्ध्याने पचवले. २०२० मध्ये त्याने पुन्हा किताब मिळवला, हे त्याच्या जिद्दीचे द्योतक आहे. तथापि २०१७ पूर्वीचे निर्विवाद वर्चस्व परत आले नाही.

येथे श्रीसाकेतची बाजूही पाहणे आवश्यक आहे. बँकॉकमध्ये कचरा गोळा करणारा कामगार म्हणून त्याने काही काळ पोट भरले. २००९ मध्ये त्याने व्यावसायिक कारकिर्दीचा आरंभ केला तोच जपानमध्ये, आणि तोही पराभवाने. स्थानिक होतकरू खेळाडूला विजय मिळावा म्हणून परदेशातून बोलावलेला प्रतिस्पर्धी ही हलक्या गटांतील एक रूढ भूमिका आहे. थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया येथील अनेक तरुणांची कारकीर्द या भूमिकेतच संपते. श्रीसाकेत तेथून निघून जगातील अव्वल मुष्टियोद्ध्याला दोनदा हरवणारा ठरला. त्याचे मूळ नाव विसाकसिल वांगेक. 'सोर रुंगविसाई' हे त्याच्या व्यायामशाळेचे नाव होय. थाई मुष्टियोद्धे आपल्या आश्रयदात्याचे वा शाळेचे नाव धारण करतात, यावरून तेथील खेळाडू आपल्या पोशिंद्यावर किती अवलंबून असतो याची कल्पना येते.

पॅकियाओ आणि इनोए : दोन अपवाद

फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओने जानेवारी १९९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, लाइट फ्लायवेटच्या आसपासच्या वजनात व्यावसायिक पदार्पण केले. वजन कमी भरू नये म्हणून आपण खिशात जड वस्तू ठेवल्या होत्या, असे त्याने नंतर सांगितले आहे. ४ डिसेंबर १९९८ रोजी तो फ्लायवेटचा विश्वविजेता झाला. पुढील सप्टेंबरमध्ये मात्र तो ११२ पौंडांचे वजन गाठू शकला नाही आणि किताब वजनकाट्यावरच गमावून बसला. दुसऱ्या दिवशी दुर्बल झालेल्या शरीराने लढताना तो तिसऱ्या फेरीत नॉकआउट झाला. या पराभवानंतर तो थेट १२२ पौंडांच्या गटात गेला आणि जून २००१ मध्ये, केवळ दोन आठवड्यांच्या सूचनेवर, लास व्हेगास येथे लेहलोहोनोलो लेद्वाबाला हरवून विजेता ठरला. २०१० पर्यंत त्याने आठ गटांत विश्वविजेतेपदे मिळवली. वजन उतरवण्याच्या जाचातून सुटका झाल्यावरच त्याचे खरे सामर्थ्य प्रकट झाले, असे म्हणावे लागते.

जपानच्या नाओया इनोएने वेगळा मार्ग दाखवला. एप्रिल २०१४ मध्ये सहाव्याच व्यावसायिक लढतीत तो लाइट फ्लायवेटचा विजेता झाला. वजन उतरवण्याचा त्रास होऊ लागल्याने त्याने फ्लायवेट गट ओलांडून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुपर फ्लायवेटचा किताब जिंकला. १३ डिसेंबर २०२२ रोजी बँटमवेटमध्ये आणि २६ डिसेंबर २०२३ रोजी सुपर बँटमवेटमध्ये चारही प्रमुख संघटनांचे किताब त्याच्याकडे एकत्र आले. ६ मे २०२४ रोजी टोकियो डोममध्ये लुईस नेरीविरुद्ध तो मुख्य लढतीत उतरला. त्या वास्तूत १९९० च्या टायसन-डग्लस लढतीनंतर झालेला हा पहिलाच मुष्टियुद्धाचा कार्यक्रम होता. जेथे पूर्वी हेवीवेटसाठी गर्दी जमली, तेथे ५५ किलोच्या मुष्टियोद्ध्यासाठी चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. परदेशात जाऊन वजनदार गटांच्या सावलीत लढण्याची गरज इनोएला भासली नाही; कारण शिराई-हराडांच्या काळापासून जोपासलेला प्रेक्षक त्याच्यापाठीशी होता.

शरीराने मोजलेली किंमत :

हलक्या गटांतील ठोसे कमी घातक असतात, हा समज चुकीचा आहे. वेल्सच्या मर्थर टिडफिल येथील जॉनी ओवेन हा २४ वर्षांचा बँटमवेट १९ सप्टेंबर १९८० रोजी लॉस एंजेलिस येथे लुपे पिंतोरविरुद्ध बाराव्या फेरीत कोसळला आणि ४ नोव्हेंबर रोजी शुद्धीवर न येताच मरण पावला. २००२ मध्ये त्याच्या गावी उभारलेल्या पुतळ्याचे अनावरण पिंतोरच्याच हस्ते झाले. १९८२ मध्ये लगतच्या लाइटवेट गटात दक्षिण कोरियाच्या किम दुक-कूचा मृत्यू झाल्यानंतर विश्वविजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यास सुरुवात झाली.

वजनमापनाची वेळ हाही कळीचा मुद्दा आहे. पूर्वी वजन लढतीच्या दिवशी सकाळी केले जाई. आता ते आदल्या दिवशी होते. मधल्या काळात शरीरातील पाणी भरून निघावे, हा हेतू होता. प्रत्यक्षात त्यामुळे अधिक वजन उतरवण्याचा मोह वाढला. घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवलेल्या शरीराला डोक्यावरील आघात सोसणे अवघड जाते, अशी चिंता वैद्यकीय क्षेत्रातून सातत्याने व्यक्त होत आली आहे. २ ऑगस्ट २०२५ रोजी टोकियोच्या कोराकुएन हॉलमधील एकाच कार्यक्रमात लढलेले दोन जपानी मुष्टियोद्धे मेंदूतील रक्तस्रावाने पुढील आठवड्यात मरण पावले. दोघेही २८ वर्षांचे होते आणि सुपर फेदरवेट व लाइटवेट गटांत लढत होते. त्यानंतर प्रादेशिक किताबाच्या लढती बाराऐवजी दहा फेऱ्यांच्या करण्याचा निर्णय तेथे घेण्यात आला. नियम बदलतात, पण बहुधा कोणाचा तरी बळी गेल्यावर, हा या खेळाचा कटू अनुभव आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात व्यावसायिक मुष्टियुद्ध अद्याप बाल्यावस्थेत असून आपले हलक्या गटांतील बहुतेक नामवंत मुष्टियोद्धे हौशी क्षेत्रातच राहिले आहेत. तरीही वजनाचा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही. मेरी कोम हिची २०१० पर्यंतची पाचही विश्वविजेतेपदे ४५ ते ४८ किलोच्या गटांतील होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी केवळ तीन गट होते व त्यातील सर्वांत हलका ५१ किलोचा होता. तिला वजन वाढवून, आपल्याहून उंच व धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांशी लढून कांस्यपदक मिळवावे लागले. व्यावसायिक क्षेत्रात जे बाजारपेठ घडवते, ते येथे स्पर्धेच्या नियमाने घडवले. शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी व प्रशिक्षकांनी वजनगटाची निवड हा केवळ डावपेचाचा नव्हे, तर खेळाडूच्या आरोग्याचाही विषय मानणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. हलक्या गटांतील मुष्टियोद्ध्याचे यश त्याच्या कौशल्याइतकेच त्याच्या मायदेशातील प्रेक्षकांवर अवलंबून असते. लोपेझ व इनोए यांच्या कौशल्यात जेवढे अंतर आहे, त्याहून कितीतरी अधिक अंतर त्यांना लाभलेल्या बाजारपेठांत आहे.
२. गटांमधील अंतर अल्प असल्याने वर चढणे शक्य होते व आर्थिक कारणांमुळे ते आकर्षक ठरते. मात्र मूळ गटातील ताकद प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी निष्प्रभ होत जाते.
३. वर जाणे नेहमीच अपायकारक नसते. हराडा, पॅकियाओ व इनोए यांच्या बाबतीत वजन उतरवण्याचा जाच संपल्यानेच खेळ बहरला. म्हणून बाजारासाठी चढणे आणि शरीरासाठी चढणे यांत भेद करणे अगत्याचे आहे.
४. वजनमापनाची पद्धत व फेऱ्यांची संख्या यांबाबतचे निर्णय दुर्घटनेची वाट न पाहता घेतले जाणे आवश्यक आहे.

समारोप :

वजनगटांची निर्मिती दुर्बलाला सबळापासून संरक्षण मिळावे आणि समान शरीराच्या दोघांत कौशल्याची कसोटी लागावी यासाठी झाली. परंतु ज्या व्यवस्थेत अधिक वजनाला अधिक मोल मिळते, तेथे हे संरक्षण सोडून देण्याची ओढ खेळाडूला सतत लागलेली असते. रिकार्डो लोपेझने ती नाकारली आणि निर्दोष नोंद घेऊन, फारसा गाजावाजा न होता, तो निवृत्त झाला. रोमान गोन्झालेझने ती स्वीकारली. त्याला जगाने ओळखले आणि त्याच वाटेवर त्याचा पराभव झाला. या दोघांपैकी कोणाचा निर्णय योग्य, हे बाहेरून ठरवणे कठीण आहे. मात्र हा निर्णय घेण्याची वेळ ज्या खेळाडूवर येते, त्याच्याभोवतीचे प्रशिक्षक, प्रमोटर आणि वैद्य यांनी त्याच्या मानधनाइतकाच त्याच्या उर्वरित आयुष्याचाही विचार करावा, एवढी अपेक्षा निश्चितच रास्त ठरते.